पुरे तीस रोजे

नबी गादीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या अचलपूरला ठाऊक होतं. वाईट बातमी तो एखादे वेळी गिळून टाकी, पण चांगली बातमी कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. त्याच्या दुकानात गादी भरायला टाकली, की गिऱ्हाइकाला कापसाच्या भावासोबत नबीच्या घरची सगळी खुशाली फुकटात ऐकायला मिळे. त्यातली बाराआणे खुशाली शाहीनची असायची. शाहीन पहिली आली, शाहीनने वक्तृत्वात कप मिळवला, शाहीनने काल केलेली भाकर कशी टम्म फुगली.

शाहीन ही त्याची एकुलती एक मुलगी. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गुलफाम डेंगूच्या तापात गेली. नातेवाइकांनी दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला, तेव्हा नबीने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "पोरीची माय बी मीच अन् बाप बी मीच." बोलायला सोपं होतं. पहिलं वर्षभर पोरगी शाळेत गेली ती रजईला दोरा घातल्यासारख्या वेण्या घेऊन. पण माणूस चिकट होता. हळूहळू वेणी जमली, कणीक जमली, पालकसभेत बायकांच्या रांगेत बसणंही जमलं. आता शाहीन अकरावीत होती आणि आपण आईची जागा रेघभरही रिकामी ठेवली नाही, असा नबीचा ठाम समज होता. तो समज किती खरा होता, ते ईदच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी नमाज पढून तो घरी आला आणि शीरखुर्म्याचं पातेलं अंगणात आणून बसला. शीरखुर्मा तो स्वतः करायचा. साखरेच्या बाबतीत त्याचा हात इतका सैल, की चमचा त्यात उभा राहावा. गल्लीतल्या बायकापोरी आल्या, वाट्या भरल्या गेल्या, आणि महिनाभर पोटात उकळणारी बातमी नबीने अखेर बाहेर काढली.

"यंदा आमच्या शाहीननं पुरे तीस रोजे ठेवले. एक बी नाही सुटला! मले ताप आल्ता, तं माहे दोन गेले. पण पोरीचा एक नाही. सांगा बरं, या गल्लीत हाय का कोणाची अशी पोट्टी?"

समोरच्या घरची नवी सून ओढणीत तोंड खुपसून खुसखुसली. तिच्या सासूने तिला कोपराने ढोसलं आणि स्वतःही खोकल्याचं सोंग केलं. शाहीन वाट्यांचा ट्रे घेऊन उभी होती, ती लालबुंद होऊन आत पळाली. पलीकडच्या घरची आयशाबी तेवढी हसली नाही. तिने चमचा वाटीत ठेवला आणि आत गेलेल्या शाहीनकडे बघत राहिली.

'जळतात लेकाच्या,' नबी मनात म्हणाला, आणि त्याने स्वतःसाठी आणखी एक वाटी भरून घेतली.

बिचाऱ्याला कोण सांगणार, की या गल्लीत तीस रोजे ठेवणारी वयात आलेली पोरगी नव्हती आणि असायचं कारणही नव्हतं! पाळीच्या दिवसांत बाईने रोजा ठेवायचा नसतो. सुटलेले रोजे ती पुढे वर्षभरात सवडीने भरून काढते. हे घरोघरच्या बायकांना माहीत असतं आणि घरोघरचे पुरुष माहीत नसल्यासारखं करतात. नबीलाही माहीत होतं. गुलफामचे रोजे सुटायचे तेव्हा तोच तिच्यासाठी दुपारी गुपचूप समोसे आणायचा. पण गुलफाम बायको होती आणि शाहीन पोरगी होती. वेण्या घालून शाळेत जाणारी पोरगी कधीतरी बाई होणार, ही गोष्ट त्याच्या डोक्याच्या आसपाससुद्धा फिरकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आयशाबी दुकानात आली. ही बाई मूळची अकोटची, गुलफाम गेल्यावर वर्षभराने या गल्लीत राहायला आलेली. तीन पोरींची लग्नं लावून मोकळी झालेली होती आणि जिभेला हाड नव्हतं. नबी तिला आपा म्हणायचा आणि मनातून टरकून असायचा. मोहल्ल्यात उर्दू आणि वऱ्हाडी एकाच ताटात वाढलेली असते, पण आयशाबीला राग आला की निव्वळ वऱ्हाडी बाहेर पडायची.

"नबीभाई, मशीन बंद करा," ती म्हणाली.

नबीने पिंजायचं मशीन बंद केलं. हवेत उडणारा कापूस हळूहळू खाली बसला.

"काल लय डंका वाजवून राहिलते तुमी. तीस रोजे, तीस रोजे! अवो, पोरगी किती वर्षाची हाय तुमची?"

"सोळा सरले."

"मंग सोळा वर्षाच्या पोरीचे तीस रोजे होतात कसे? जरासा इचार करा. तुमाले बायको होती ना?"

नबीने विचार केला. कुठून तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. समोरच्या कापसाच्या ढिगावरच त्याने बसकण मारली.

"आपा, मंग दरसाली काय करे ते? दरसाली तं माह्यासंगंच पहाटी सेहरी खाले उठते."

"उठते ना. तुमाले कळू नये म्हणून उठते. सेहरी खाते, अन् दुपारी माह्या घरी येऊन जेवते. आम्ही समद्या तसंच करत आलो, बापाभावाले पत्ता लागू देत नाही. तीन वर्षं झाले, त्या दिवसात तुमची पोरगी माह्याच घरी जेवली. यंदा एक दिवस बी नाही आली. माह्या घरी पाहुण्याची गर्दी, माह्या ध्यानात नाही आलं. तुमी काल डंका वाजवला तवा मले धक्का बसला."

"तीन वर्षं मले फसवून राहिली!" नबी म्हणाला. त्याला राग आला नव्हता. आपल्यासोबत पहाटे पराठे खाणारी पोरगी खोटाखोटा रोजा ठेवत होती, या गोष्टीने त्याला नुसतं भांबावून सोडलं होतं.

"फसवलं नाही, लाज राखली. आता मुद्याचं आयका. राती मी तिले जवळ घेऊन इचारलं. इचारायचं ते समदं इचारलं, काही ठेवलं नाही. तसं काही वाकडं नाही, माह्या जबानीवर भरोसा ठेवा. पण दिवाळीपासून तिची पाळी आली नाही. त्याच्या पयले बी कधी दोन महिन्यानं, कधी अडीच. पोरगी घाबरून अर्धी झाली. मोबाईलवर पाह्यलं म्हणे, अशा पोरीले लेकरं होत नाहीत, दाढी येते. हनुवटीले दोन केस आले, ते चिमट्यानं उपटते अन् रडते."

नबीच्या डोळ्यासमोर महिनाभरातली शाहीन आली. सारखी ओढणी हनुवटीपर्यंत ओढून बसणारी. त्याला वाटलं होतं, रमजानमुळे पोरगी धार्मिक झाली, आणि ते सुद्धा त्याने चार जणांना अभिमानाने सांगून टाकलं होतं.

"मले काहून नाही सांगतलं तिनं?" त्याने विचारलं. "मी काय परका हाओ?"

"तुमाले सांगे अन् सांजेपर्यंत परतवाड्याच्या बसस्टँडवर अनाउन्स होये!" आयशाबी म्हणाली. मग त्याचं पडलेलं तोंड बघून तिचा सूर खाली आला. "भाऊ, बापाले सांगाची गोठ नाही हे. तुमी मनाले लावून घेऊ नोका. माह्याकडचे इलाज मी करतो. पपई, तीळगूळ, ओव्याचा काढा. माह्या पोरीईले त्यानंच होत होतं."

"अन् नाही झालं तं?"

"तं मंग पाहू."

"नाही आपा," नबी उठला. त्याच्या सदऱ्याला, मिशीला, भुवयांना कापूस चिकटला होता. "गुलफामच्या तापाले बी आमी चार दिवस 'मंग पाहू'च म्हणत होतो. मी पोरीले डाक्टरकडे नेतो. उद्याच."

आयशाबीने फक्त एवढंच म्हटलं, की डॉक्टर बाईच पाहिजे आणि मी बरोबर येणार.

आता शाहीनशी बोलायचं होतं. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याशी तासन् तास बोलणारा माणूस, पण त्या रात्री ताटावर बसला आणि त्याची बोबडी वळली.

"बेटा, पोट बिट दुखते का?"

"नाही अब्बा."

"डोकं?"

"नाही."

"दात?"

"अब्बा, काय झालं तुमाले?"

नबीने पाण्याचा अख्खा तांब्या घशात ओतला. "आयशाआपानं मले सांगतलं," तो एका दमात म्हणाला.

शाहीनने ओढणीत तोंड लपवलं. "आयशाखालाले पाह्यतेच मी आता!" ओढणीच्या आतून आवाज आला. नबीला वाटलं, आपण हिला जवळ घ्यावं. मग वाटलं, घ्यावं की नाही? कालपर्यंत हा प्रश्न कधी पडला नव्हता. शेवटी त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिने झटकला नाही, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

"आपण उद्या अमरावतीले जाऊ. मी बी येतो."

"तुमी नोका येऊ. तठी समद्या बायका असतात. तुमाले बाहेर बसा लागन."

"बसतो बाहेर. एवढ्या साऱ्या गाद्या भरल्या मी, मले बाकड्यावर बसता येत नाही का?"

ओढणीच्या आत शाहीन हसली की हुंदका दिला, ते नबीला नीट कळलं नाही. पण सकाळी ती बससाठी तयार होऊन उभी होती.

अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याहून अमरावतीची एसटी भरून निघाली. आयशाबी आणि शाहीनला एक बाक मिळाला, नबीला मागे दांडा धरून उभं राहावं लागलं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाने विचारलं, "काय नबीभाई, कुठी?" आणि आयुष्यात पहिल्यांदा नबीने प्रश्नाचं उत्तर एका शब्दात दिलं. "काम हाय," तो म्हणाला. तो माणूस घाबरला. नबीभाई इतकं कमी बोलतो म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार, असं त्याला वाटलं.

डॉक्टर प्रियदर्शनी तायडे यांचा दवाखाना एका साध्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत दहा-बारा बायका, आणि त्यांच्यात नबी एकटा पुरुष. समोरच्या भिंतीवर गर्भाशयाचं हातभर मोठं रंगीत चित्र होतं. नबीने एकदा तिकडे पाहिलं आणि नंतर पंख्यावरून नजर हलवली नाही. आयशाबी आणि शाहीन आत गेल्या. दार लागलं. इकडे नबीला नाही नाही ते सुचायला लागलं. दिवाळीपासून पोरगी एकटी भीत बसली होती आणि आपण तिच्या रोज्यांचे पेढे वाटायला निघालो होतो. माय बी मीच म्हणे! गुलफाम असती तर तिला पहिल्याच महिन्यात कळलं असतं. आपण नुसत्या वेण्या घालायला शिकलो आणि आई झाल्याचा तोरा मिरवला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की उठून खाली रस्त्यावर जाऊन उभं राहावंसं वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. नर्स बाहेर आली. "शाहीनचे वडील कोण आहेत? मॅडमनं आत बोलावलं."

नबी उभा राहिला. बारा बायकांच्या चोवीस डोळ्यांनी त्याला दारापर्यंत पोचवलं.

डॉक्टरबाई चाळिशीच्या होत्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताना पेन टेबलावर टकटक वाजवणाऱ्या. त्यांनी नबीला खुर्ची दाखवली. शेजारच्या खुर्चीवर शाहीन जमिनीकडे बघत बसली होती, आयशाबी तिच्यामागे पहारेकऱ्यासारखी उभी.

"बसा भाऊ. पोरीला तपासलं, घाबरायचं काही नाही. मला एक माहिती पाहिजे, ती या दोघींना देता येत नाही. शाहीनच्या आईची पाळी कशी होती? वेळेवर यायची?"

नबीने आयशाबीकडे पाहिलं.

"मले काय पाहता?" आयशाबी म्हणाली. "मी तं मागून आली. मी गुलफामचं तोंड बी नाही पाह्यलं."

"तिच्या आईकडचं कोणी? मावशी, आजी?"

"सासू गेली कवाचीच," नबी पुटपुटला. "बहीण नव्हती तिले."

"मग तुम्हीच सांगू शकता. दुसऱ्या कोणालाच माहीत नाही."

शाहीनने मान वर केली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिने बापाकडे सरळ बघितलं. ही गोष्ट नबीने आजवर कोणाजवळ काढली नव्हती. तोंडात तीळ न भिजणाऱ्या माणसाने ही एकच गोष्ट सतरा वर्षं सांभाळून ठेवली होती, कारण ती त्याची आणि गुलफामची होती. पण समोर पोरगी बघत होती. त्याने घसा खाकरला.

"वेळेवर? नाही डाक्टरीणबाई. तिचं कवाच वेळेवर नव्हतं. कधी दोन महिन्यानं, कधी चार. ते म्हणे, माही पाळी म्हणजे खेड्यातली एसटी हाय, आली तं आली, नाहीतं उद्या."

पेनाची टकटक थांबली. डॉक्टरबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. तेवढ्याने नबीला धीर आला आणि त्याची गाडी रुळावर आली.

"लग्नाले पाच साल झाले, तरी लेकरू नाही. घरचे तिले बोलत. ते दिवसभर ऐके, अन् राती मले म्हणे, तुमी ध्यान देऊ नोका. मंग एक साली थंडीत रजईचं काम लय होतं, अन् तिची तब्येत बिघडली. जेवण जाये नाही, पोट फुगलेलं. आमाले वाटलं, गॅस झाला. मी रोज सोडा आणून पाजे. ओवा दिला, हिंग दिला. पाळी नव्हती आली, पण तिची तं कवाच येत नव्हती, त्याचं कोणाले काय? पोट काही उतरेना. मंग दवाखान्यात नेलं. डाक्टर म्हणे, मिया, कोणत्या गॅसच्या गोया देऊन राहिले तुमी? पाचवा महिना सरून राहिला इले!"

आयशाबीने तोंडाला पदर लावला.

"आमी गॅसचा इलाज कराले गेलो अन् अशी खबर घेऊन आलो," नबी शाहीनकडे हात करून म्हणाला. "गुलफाम तठीच हसाले लागली ते थांबेचना. एसटीत हसे, उतरल्यावर हसे. मले म्हणे, पाच महिने तुमी माह्या लेकराले सोडा पाजून राहिले! घरी आली, रजईवर बसली, अन् मंग रडली. लय रडली. पण ते रडणं येगळं होतं."

शाहीनचे डोळे मोठे झाले होते.

"मी गॅस होती?" तिने विचारलं.

आधी डॉक्टरबाई हसल्या, मग आयशाबी, मग दारात उभी असलेली नर्स. नबी हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धार लागली होती. शाहीन तर खुर्चीत वाकून वाकून हसली. ओढणी हनुवटीवरून घसरून गळ्यात पडली, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

हसणं ओसरल्यावर डॉक्टरबाईंनी कागद पुढे ओढला आणि साध्या शब्दांत समजावून सांगितलं. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती पुढे-मागे होते, ते चालतं. पण त्यानंतरही तीन-तीन महिने आली नाही, तर दाखवायलाच पाहिजे. काही मुलींच्या अंगात अंडं दर महिन्याला तयार होऊन सुटत नाही, मग पाळी लांबते, चेहऱ्यावर एखाद-दोन केस येतात. त्याला पीसीओएस म्हणतात. दहा मुलींत एकीला तरी असतं, आणि आई-मावशीला असेल तर मुलीलाही असायची शक्यता जास्त. म्हणून आईचं विचारलं.

"थायरॉइडमुळेही असं होतं, म्हणून आधी रक्त तपासू. साखरही बघू. घरात कोणाला साखर होती?"

"सासूले होती," नबी म्हणाला. तो आता वर्गातल्या हुशार पोरासारखा खुर्चीच्या टोकावर आला होता. "रोज्यानं तं नाही झालं ना हे?"

"दिवाळीत काय रोजे होते का भाऊ?"

"नाही, ते बी बरोबर हाय."

"रिपोर्ट आले की गोळ्या लिहून देते. त्या थोडे दिवस घ्यायच्या, संपल्या की पाळी येईल. पण नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. रोज घाम निघेपर्यंत चालायचं, गोड कमी, मैदा कमी, झोप वेळेवर. हनुवटीच्या केसांचं म्हणशील," त्या शाहीनकडे वळल्या, "तर माझ्याही हनुवटीला आहेत. माझ्या पार्लरवालीला विचार."

शाहीनने त्यांच्या हनुवटीकडे निरखून पाहिलं. मग तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. घरून निघाल्यापासून, खरं तर दिवाळीपासून, ती ज्या प्रश्नाला भीत होती तो आता तोंडाशी आला होता.

"मॅडम, मंग पुढं... लग्न झाल्यावर... मले लेकरं..."

"तुझी आई अशीच होती, बरोबर?"

"हाव."

"आणि तिला तू झालीस."

शाहीनने शेजारच्या खुर्चीवरचा बापाचा हात धरला. कापूस पिंजून पिंजून खरखरीत झालेला तो हात तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डॉक्टरबाई बोलत होत्या तोवर सोडला नाही. बहुतेक जणींना मुलं होतात, काहींना थोडं औषध लागतं, असं त्या सांगत होत्या. ते दिवस यायला अजून पुष्कळ वेळ आहे, आधी बारावी कर, असंही म्हणाल्या. नबीला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. आपल्या घरात आई नाही म्हणून पोरीचं अडलं, असं तो मघाशी बाकड्यावर बसून म्हणत होता. आणि पोरीला हवी होती ती आई त्याच्याजवळच होती, अख्खी, हसण्या-रडण्यासकट. त्याने फक्त तोंड उघडायचं होतं.

परतीच्या एसटीत तिघांना एकच बाक मिळाला. अमरावती सुटायच्या आधीच शाहीन म्हणाली, "अब्बा, अम्मी आणखी काय म्हणे?" आणि नबी सुरू झाला तो परतवाडा येईपर्यंत थांबला नाही. आयशाबी खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं दाखवत होती, पण गमतीच्या जागी तिचे खांदे हलत होते.

रिपोर्ट आले. थायरॉइड ठीक निघालं, साखरही ठीक. डॉक्टरबाईंनी जे ओळखलं होतं तेच होतं. गोळ्या सुरू झाल्या. बापलेक रोज सकाळी बिच्छन नदीच्या बाजूने चालायला जाऊ लागले. नबी वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायला थांबायचा आणि शाहीन त्याला दंड धरून ओढायची, घाम यायला पाहिजे म्हणायची. घरातला साखरेचा डबा आयशाबीने स्वतःच्या घरी नेऊन ठेवला. नबीने त्यावर फार मोठा निषेध नोंदवला, पण त्याला कोणी भीक घातली नाही.

गोळ्यांचा कोर्स संपला. त्यानंतर नबीची अवस्था परीक्षेला बसलेल्या पोराच्या बापासारखी झाली. रोज संध्याकाळी तो शाहीनच्या तोंडाकडे बघायचा, विचारायचं मात्र नाही अशी आयशाबीची सक्त ताकीद होती.

मग एका दुपारी दुकानात मोतीराम बसला होता. जवळच्या खेड्यातला म्हातारा शेतकरी, जुनी गादी पिंजून घ्यायला आलेला. नबी गादीच्या खोळीत कापूस दाबत होता. शाहीन कॉलेजची बॅग खांद्यावर घेऊन आली, दारातच थांबली.

"अब्बा," ती म्हणाली, "आली."

नबीच्या हातातला कापूस खाली पडला. तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. "आली?" त्याने विचारलं. "खरंच?"

"हाव, आत्ताच."

"काय आलं वं पोरी?" मोतीरामने विचारलं. कोणाचं काही आलं, की आपल्यालाही कळलं पाहिजे, हा म्हाताऱ्या माणसांचा हक्कच असतो.

नबीने तोंड उघडलं आणि पटकन मिटलं. आयुष्यात त्याने इतकी चांगली बातमी कधी अडवून धरली नव्हती. त्याचे गाल फुगले. त्याने शाहीनकडे पाहिलं. ही बातमी तिची होती, सांगायची की नाही ते तिने ठरवायचं.

शाहीन क्षणभर घुटमळली. तिने एकदा बापाच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं आणि तिला हसू आलं.

"पाळी, आजोबा," ती म्हणाली. "पाच-सहा महिने झाले आली नव्हती. अमरावतीच्या डाक्टरीणबाईनं इलाज केला."

दुकानात कापूस तरंगत होता, तेवढाच काय तो हलत होता. मोतीरामने डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला. आता म्हातारा काय बोलतो, या भीतीने नबीने खाली पडलेला कापूस उगाचच गोळा करायला घेतला.

"आमच्या नातीचं बी असंच हाय," मोतीराम हळूच म्हणाला. "माधवी. दहावीत हाय. तिची माय म्हणते, आपोआप होईन. पोट्टी दिवसभर तोंड पाडून बसते, मी इचारलं तं सांगत नाही. मले कोण सांगन बावा? पण कानावर येते." त्याने खिशातून बटणाचा मोबाईल काढला आणि शाहीनसमोर धरला. "त्या बाईचा नंबर घाल याच्यात. अन् मले सांग, तठी आजा संगं गेला तं चालते का?"

शाहीनने नबीकडे पाहिलं.

"चालते म्हणजे!" नबी म्हणाला, आणि त्याने गादी बाजूला सारून मोतीरामसाठी जागा केली. "बसा इथी. अगोदर मले सांगा, तिच्या मायचं कसं होतं?"